कोल्हापूर पायी बघायचंय : घरातल्या पाच जणांच्या पायात काय घालावं?

वैदर्भी

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूरला येतोय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक, सासूबाई आणि माझे बाबा. मुक्काम अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल असा बघितलाय. पन्हाळा आणि जोतिबाला गाडी करू, बाकी शहर शक्यतो पायीच बघायचं ठरवलंय.

काळजी आहे ती दोन्ही ज्येष्ठांच्या पायांची. सासूबाईंची टाच दुखते. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की कळ येते, मग दोन-चार फेऱ्या मारल्या की कमी होते. बाबांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. दोघंही घरात-दारात पातळ रबरी स्लिपरच वापरतात आणि "बूट कशाला, देवळात काढायचेच आहेत" म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण स्लिपरवर दिवसभर चालणं त्यांना झेपेल असं मला वाटत नाही.

बूट घ्यावेत की मागे पट्टा असलेली सँडल? लेस बांधायची असेल तर सारखं काढ-घाल कसं करायचं? आणि नवऱ्याचं म्हणणं आहे की पहिल्याच दिवशी कोल्हापुरी घेऊ आणि त्यावरच फिरू. हे कितपत शहाणपणाचं? तिथल्या लोकांनी आणि जाणकारांनी सांगावं.

पेठकरी

ताई, या की! देवळाजवळ मुक्काम घेतलाय हे एक नंबर केलंय. महाद्वार रोड, भवानी मंडप, गुजरी, ताराबाई रोड, बिंदू चौक, मिरजकर तिकटी, खासबागचं मैदान, सगळं पायाखालचंच हाय. रंकाळासुद्धा रमतगमत चालत गाठता येतो. न्यू पॅलेस तेवढा लांब पडतो, तिथं रिक्षा करा.

आता पायताणाचं. तुमच्या मालकांचं मला पटतंय. आमचे वडील आयुष्यभर कोल्हापुरी पायताणावर चालले. रानात, बाजारात, लग्नात. पायाला कधी फोड न्हाई की टाच दुखली न्हाई. चामडं पायाचा घाम पितं, उन्हात रबरासारखं भाजत न्हाई. चप्पल लाईनीत जा, नीट बघून घ्या आणि खुशाल फिरा.

निरामय

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरातच काम करते. पेठकरी दादांच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण त्यांचे तळवे लहानपणापासून त्या चपलेला सरावलेले होते. नागपूरहून येणाऱ्या, मऊ स्लिपरची सवय असलेल्या पायाला तोच हिशेब लावू नका.

सासूबाईंचं दुखणं तुम्ही सांगितलं तसं असेल तर ते बहुधा तळव्याच्या पडद्याचं आहे, ज्याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो. रात्रभर पाय सैल पडला की तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून कळ. एकदा तिथल्या तिथे डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. अशा पायाला सर्वात वाईट काय, तर सपाट, पातळ, पिळता येईल अशी चप्पल आणि कडक फरशीवर अनवाणी चालणं. सध्या त्यांच्या वाट्याला दोन्ही आहे.

त्यांच्यासाठी बूट बघताना तीन गोष्टी हाताने तपासा. एक, बुटाची टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबा. ती सहज आत गेली तर ठेवून द्या. दोन, बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे पाऊल उचलताना आपली बोटं वाकतात. मधोमध घडी पडत असेल तर तळव्याच्या कमानीला त्याचा काही आधार नाही. तीन, ओला कपडा पिळतो तसा पिळून बघा. थोडा पिळला तर चालेल, पुरता पिळला तर नको. टाचेकडची बाजू चवड्यापेक्षा किंचित उंच असलेली बरी, कारण त्यामुळे पोटरीवरचा ताण कमी होतो.

दुकानात पाय घातल्याबरोबर "अहाहा, गादी!" असं वाटणाऱ्या सुकतळ्याला भुलू नका. फार मऊ फोम वजनाखाली दबून जातो आणि तासाभराने पाय पुन्हा कडक जमिनीवर आल्यासारखा होतो. मऊपणापेक्षा आधार महत्त्वाचा.

आजपासून एक व्यायाम सुरू करा. सकाळी अंथरुणात बसल्या बसल्याच पायाच्या चवड्याला टॉवेल अडकवून आपल्याकडे ओढायचा, पोटरी ताणली जाईपर्यंत. वीस-तीस सेकंद धरायचं, सोडायचं, असं काही वेळा. मगच पाय जमिनीवर.

बाबांबद्दल वेगळं आणि सविस्तर लिहिते, तो विषय घाईत उरकण्यासारखा नाही.

चालता-फिरता

मापाबद्दल थोडं. बरेच ज्येष्ठ "माझा नंबर सात" हे तिशीत जे पाठ केलेलं असतं तेच सांगत राहतात. वयाबरोबर तळव्याची कमान थोडी बसते, पाऊल लांब आणि रुंद होतं. म्हणून नंबर विचारू नका, पाय मोजा. कागदावर उभं करून दोन्ही पावलांची रेघ मारून घ्या. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, माप मोठ्याचं घ्यायचं.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. सहलीत जे मोजे घालणार तेच घालून बूट चढवा. उभं राहून सर्वात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीच्या आसपास जागा हवी. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट सर्वात लांब असतं, तेही बघा. दुकानदार समोरून अंगठा दाबून "बरोबर आहे" म्हणतो, पण रुंदी तपासत नाही. करंगळीची बाजू बुटाच्या कडेला दाबली जात असेल तर लांबीचा मोठा नंबर घेऊन उपयोग नसतो, टाच मागून निसटायला लागते. रुंद साचाच मागायचा.

हा रुंदीचा घोळ आपल्याकडे फार आहे, कारण आपले नंबर ब्रिटिश मापांवर आलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर लोकांच्या पावलांची मोजमापं घेतली, त्यातून भारतीय पावलं रुंद असल्याचं दिसलं आणि 'भा' नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवली गेली. ती सगळीकडे रुळेपर्यंत ऑनलाइन मागवताना ब्रिटिश ७, युरोपियन ४१ असले तक्ते फक्त अंदाजासाठी धरा. ज्येष्ठांसाठी तर ऑनलाइन नकोच, दुकानात नेऊन चालवून बघा. गालिच्यावर नव्हे, फरशीवर.

पेठकरी

निरामय ताई, तुमचं बरोबर असंल. मी आमच्या पायाचं सांगत होतो. पण चामड्याची चप्पल वाईट, असं कुणी म्हणू नका एवढंच.

वादी आणि आरी

वाईट कुणीच म्हणत नाही, दादा. आमच्या घरात पिढ्यांपासून हेच काम, म्हणून मी मध्ये बोलतो.

कोल्हापुरी चपलेचा तळ म्हशीच्या चामड्याचा. ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, रसायनात नाही. थर एकावर एक ठेवून चामड्याच्याच वादीने शिवतात, अस्सल चपलेत खिळा नसतो. अशी चप्पल नवी असते तेव्हा ताठ असते. ती घालणाऱ्याच्या पायाचा ठसा हळूहळू घेते. अंगठ्याखाली, टाचेखाली खळगा पडतो, पट्टा मोकळा होतो, मग ती जन्मभर दुसऱ्या कुणाच्या पायाला बसत नाही. तिची खरी मजा त्यातच आहे. पण हे काम तीन दिवसांच्या सहलीत होत नाही.

म्हणून ताई, मालकांना सांगा, चप्पल जरूर घ्या, पण तिच्यावर सहल काढू नका. पहिल्या दिवशी घेतली तरी खोलीवर संध्याकाळी अर्धा-पाऊण तास घाला आणि काढून ठेवा. अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला, जिथे कातडीला घासतं तिथे, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. थेंबभरच, भिजवू नका. जास्त तेलाने चामडं काळवंडतं आणि लोळागोळा होतं. नागपूरला परत गेल्यावर महिनाभर घरात वापरा. पुढच्या सहलीला ती चप्पल तुम्हाला पेठकरी दादांच्या वडिलांसारखी साथ देईल.

घेताना तळ उलटा करून कडेची शिवण बघा. वादीची शिवण उंचसखल असते, हाताची असल्याचं कळतं. अगदी यंत्रासारखी रेघ, वर रंगाचा चकचकीत थर आणि वजनाला हलकी असेल तर ती रेक्झिनची किंवा पुठ्ठा घातलेली असू शकते. नाकाजवळ नेली तर कमावलेल्या चामड्याचा वास लपत नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर, अशा आठ जिल्ह्यांना ते मिळून आहे. त्यामुळे विक्रेत्याला "माल कुठला, कुणी केलेला" असं विचारायला संकोचू नका. खरा माल विकणारा उत्तर देतो.

करकर वाजणारी हवी असेल तर तशी मागून घ्या. आणि पावसात घालू नका. मे महिन्यात आमच्याकडे दुपारनंतर वळीव येतो. भिजलीच तर उन्हात किंवा चुलीपाशी वाळवू नका, चामडं आकसून तडकतं. सावलीत, वाऱ्यावर.

रंकाळाकाठ

वादी आणि आरी, फार छान लिहिलंत.

वैदर्भी ताई, मी रोज पहाटे रंकाळ्याला चालायला जाते, शिवाय पाहुणे आले की देवदर्शन घडवणं माझ्याकडेच असतं. त्यातून उमगलेलं सांगते.

इथल्या सहलीत चालण्याइतकंच काढणं-घालणं आणि उभं राहणं असतं. दर्शनाच्या रांगेत अनवाणी उभं राहायचं, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात एकेका दालनात थबकायचं, दुकानात ताटकळायचं. उभं राहण्याने पाय जास्त भरून येतात. म्हणून कार्यक्रम आखताना दोन ठिकाणांच्या मध्ये बसायची जागा धरून ठेवा. दुपारचं जेवण शांतपणे आणि त्यानंतर खोलीवर पाय वर करून पडणं, हे मेमध्ये तरी हवंच. संध्याकाळी उन्हं कलली की पुन्हा बाहेर. रंकाळ्याच्या काठावर बसा, मुलीला भेळ खाऊ घाला, गंगावेशीत दूधकट्ट्यावर ताजं दूध प्या.

अंबाबाईच्या देवळाला चारही दिशांना दरवाजे आहेत. ज्या दरवाज्याने बाहेर पडणार त्याच बाजूच्या चप्पल स्टँडवर चपला ठेवा. एका बाजूने आत जायचं आणि गर्दीबरोबर वाहत घाटी दरवाज्याने बाहेर यायचं, मग तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी प्रदक्षिणा घालत चपला गाठायच्या, हे मी पाहुण्यांच्या बाबतीत नेहमी बघते. आत जाण्यापूर्वीच विचारून घ्या आणि टोकन मिळालं तर घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

देवळाचं आवार दगडी आहे. मेमध्ये अकरा वाजल्यानंतर उघड्यावरचा दगड असा तापतो की मुलं पळत सुटतात. सकाळी लवकर जा. पहाटेच्या वेळी तोच दगड इतका गार असतो की पाऊल उचलू नये वाटतं.

जोतिबाला जाताना पांढरे बूट, पांढरे मोजे आणि कापडी कॅनव्हास घालू नका. गुलाल पायऱ्यांवर, दगडाच्या फटींत, हवेत, सगळीकडे असतो. तुम्ही चैत्र यात्रेनंतर येताय तरी असणारच. गाडी थांबते तिथून देवळापर्यंत पायऱ्या उतरायच्या आहेत, दोन्ही बाजूंना गुलाल-खोबऱ्याची दुकानं. उतरताना बोटं पुढे सरकून बुटाच्या टोकावर आपटतात, तेव्हा वर चालता-फिरता यांनी सांगितलेली अंगठ्याएवढी जागा कामी येते. कापडावरचा गुलाल धुवायच्या आधी कोरडाच झटका, पाणी लागलं की तो पक्का बसतो.

निरामय

आता बाबांचं.

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते आणि ती इतकी हळू कमी होते की माणसाच्या लक्षात येत नाही. आपला पाय तापलेल्या दगडावरून आपोआप उचलला जातो, त्यांचा उचलला जाईलच असं नाही. रात्री पाय धुताना फोड दिसतो आणि कधी आला ते सांगता येत नाही. बुटात गेलेला खडा, मुडपलेला सुकतळा, मोज्याची जाड शिवण, यांची जखम होते आणि मग ती भरायला वेळ घेते. म्हणून त्यांच्या बाबतीत "बघू तिथे गेल्यावर" हे धोरण नको.

निघायच्या आधी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या. बारीक नायलॉनचा तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून "कळतंय का" विचारतात, पाच मिनिटांचं काम. संवेदना कमी निघाली तर मधुमेहींसाठीच्या एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या तळाच्या चपला मिळतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. मागे पट्टा असलेल्याच घ्या. बिनपट्ट्याची चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळणार नाही, शिवाय ती पायात टिकवण्यासाठी बोटं आवळून चालावं लागतं. अंगठ्यात अडकवायचा पट्टा त्यांना नको, तो दोन बोटांमध्ये घासतो. तेव्हा बाबांसाठी कोल्हापुरी शोभेलाच राहू द्या.

संवेदना चांगली असेल तर पुढून रुंद, आतून शिवणीचे उंचवटे नसलेला, वेल्क्रोचा बूट. वेल्क्रोमुळे काढ-घालीचा प्रश्नही सुटतो आणि संध्याकाळी पाय सुजला तर पट्टा सैल करता येतो. मोजे फिकट रंगाचे, म्हणजे कुठे रक्त किंवा पाणी आलं तर डाग लगेच दिसेल. घालण्याआधी प्रत्येक वेळी बुटात हात घालून चाचपायचं. देवळाबाहेर ठेवलेल्या बुटांच्या बाबतीत तर नक्कीच.

देवळात अनवाणी जावं लागेल तेव्हा उन्हाची वेळ टाळा. जाड मोजे घालून आत चालता येईल का, ते तिथल्या सेवकांना विचारा. परवानगी मिळाली तरी ओल्या फरशीवर मोज्यांनी पाय घसरतो, तिथे हात धरा. आणि रोज रात्री तुम्ही स्वतः दिव्याखाली त्यांचे तळवे, टाचा आणि बोटांच्या मधल्या जागा बघा. त्यांना वाकून दिसत नाही आणि "काही नाही गं" म्हणून ते टाळतील. फोड दिसला तर फोडू नका, स्वच्छ ड्रेसिंग करून डॉक्टर गाठा.

नवे बूट आजच घ्या. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग काढून तळवे बघा. कुठे लाल चट्टा उमटला आणि थोड्या वेळाने गेला नाही, तर तो बूट त्यांच्यासाठी नाही.

वैदर्भी

निरामय ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि "शनिवारी जाऊ दुकानात" म्हणाले. यापेक्षा मोठी गोष्ट माझ्यासाठी नाही. डॉक्टरांची वेळही घेतली आहे.

सासूबाईंनी टॉवेलचा व्यायाम सुरू केलाय. नवरा मात्र विचारतोय की कपाटात ट्रेकिंगचे जुने, भारी बूट आहेत, फारसे वापरलेलेही नाहीत, मग नवीन कशाला?

सह्यवेडा

त्यांना म्हणावं, आधी त्या बुटांचा तळ तपासा! बऱ्याच भारी बुटांमध्ये तळ आणि पाऊल यांच्यामधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं आतल्या आत विघटित होत जातो. न वापरता कपाटात ठेवला तरी होतो, उलट पडून राहिलेल्या बुटात जास्त फसगत होते, कारण वरून बूट नवा कोरा दिसतो. मग एके दिवशी गडाच्या मध्यावर अख्खा तळ गळून हातात येतो. पडवीत पडून राहिलेल्या बुटांचे तळ असे सुटताना ट्रेकवर किती जणांचे बघितलेत. बूट वाकवा, मधल्या थरावर नखाने दाबा. भेगा दिसल्या, भुगा पडला किंवा चिकटपणा जाणवला तर तो सहलीला न्यायचा नाही.

तळ ठीक असला तरी मेच्या उन्हात शहर बघायला घोट्यापर्यंतचे ट्रेकिंग बूट जड आणि गरम होतात. पन्हाळ्यालाही त्यांची गरज नाही. तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जा कोठी, बहुतेक ठिकाणी वाहन जवळ जातं. मात्र सुटी खडी आणि झिजलेले दगड आहेत, म्हणून तळाला रबराची नक्षी खोल हवी. हलका चालायचा बूट, पकड चांगली, बास. गुळगुळीत तळाचे फॅशनचे स्नीकर तिथे नकोत.

उतरताना बोटं पुढे आपटू नयेत म्हणून लेसची एक युक्ती. बुटाला सर्वात वर, घोट्यापाशी एक जादा भोक असतं, ते सहसा रिकामं राहतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून बाहेरून आत घालून छोटी कडी करा, दोन्ही बाजूंना. मग एका बाजूची लेस दुसऱ्या बाजूच्या कडीतून ओवून खाली खेचा आणि गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते, पुढे बोटं मोकळी राहतात.

मोज्यांबद्दल माझं मत ठाम आहे : दिवसभर चालायला निव्वळ सुती मोजे नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी घासली की फोड. सुती-सिंथेटिक मिश्रणाचे, पायाला लपेटून बसणारे मोजे घ्या. दुपारी खोलीवर आलात की बदला. कुठे चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे थांबून कागदी चिकटपट्टी लावायची, मेडिकलमध्ये मिळते. "हॉटेलवर गेल्यावर बघू" म्हटलं की संध्याकाळी फोड तयार.

वळिवात बूट भिजले तर सुकतळे बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासा-दोन तासांनी बोळे बदला. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

इचलकरंजीकर

एक भर. गाडी करणारच आहात तर नृसिंहवाडी आणि खिद्रापूर बघा. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप, ४८ खांब आणि वर मोकळं आकाश, आयुष्यात एकदा तरी त्याखाली उभं राहावं. दुपारी मात्र नको, तिथेही सगळा दगड.

वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या ओल्या आणि कुठे कुठे शेवाळलेल्या असतात. अनवाणी उतरताना ज्येष्ठांना कडेने, हाताला धरून न्या. पाण्यात पाय घालून आल्यावर बोटांमधली जागा कोरडी केल्याशिवाय मोजे-बूट चढवायचे नाहीत. छोटा पंचा जवळ ठेवा.

पेठकरी

आणि कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय पोरीला दाखवाच. बारा बलुतेदार, शेती, बाजार, सगळं पुतळ्यांतनं उभं केलंय. पण चालणं भरपूर हाय, तिथं चांगले बूटच घालून जावा. एका दिवसात कणेरी आन् पन्हाळा दोन्ही कोंबू नका, म्हाताऱ्या माणसांचे हाल व्हतात.

वैदर्भी

शनिवारची खरेदी झाली, म्हणून कळवते. बाबांची तपासणी झाली. अंगठ्याखाली आणि चवड्यावर संवेदना थोडी कमी आहे असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे एमसीआरची, मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची सँडल घेतली. घरात वापरणं सुरू आहे, दोन्ही वेळा तळवे मीच बघते.

सासूबाई आतापर्यंत पाच नंबर घालायच्या, मोजल्यावर सहा निघाला, तोही रुंद साचा. पाच दुकानांत वाकवून-पिळून बघितले. एका दुकानदाराने हटकलं, तर त्याच म्हणाल्या, "पाय माझा आहे, बघू दे की." जाळीचा, हलका, टाचेला घट्ट असलेला बूट मिळाला. नवऱ्याच्या जुन्या बुटांच्या मधल्या थरात नख रुतलं आणि पिवळा भुगा हातावर आला, त्यामुळे तो वादच मिटला. तो आता कोल्हापुरी शेवटच्या दिवशी घेणार आहे.

दोन गोष्टी राहिल्यात. सासूबाईंच्या बुटाला लेस आहे आणि त्यांना वाकून बांधणं जमत नाही. आणि लेकीच्या पायाची वाढ सुरू आहे, तिला मोठा नंबर घेऊन ठेवू का?

निरामय

लेकीला आजच्या पायाचाच घ्या, पुढे अंगठ्याएवढी जागा आहे तेवढीच वाढीला पुरे. मोठ्या बुटात टाच वर-खाली होऊन फोड येतात, शिवाय मुलं अडखळतात.

सासूबाईंच्या बुटाला लवचीक लेस ओवा, बुटांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. एकदा माप जुळवून गाठ पक्की केली की बूट नुसता सरकवून घालता येतो. घालताना मात्र टाचेमागची भिंत चिरडू देऊ नका, तोच त्यांचा आधार आहे. लांब दांड्याचा शूहॉर्न सोबत घ्या, उभ्याउभ्या टाच आत जाते.

रंकाळाकाठ

आणि प्रत्येकाच्या नावाची एकेक कापडी पिशवी शिवून आणा. गर्दीच्या वेळी पाचही जोड एकत्र बांधून स्टँडवर देता येतात आणि शोधाशोध होत नाही. पिशवीतच एक छोटं आसन ठेवा, म्हणजे बूट घालायला सासूबाईंना कुठल्याही पायरीवर बसता येईल. महाद्वारापाशी सकाळी सावली असते, तिथेच बसवा त्यांना.

वैदर्भी

पिशव्या आजच कापायला घेते. शूहॉर्न आणि लवचीक लेस ऑनलाइन मागवली, गुरुवारपर्यंत येईल.